ॲल्युमिनियमच्या बॉनेटची हकीकत

माझं नाव आक्काताई. आमच्या निपाणीकडं पोरीचं नावच ठेवत्यात तसं, आन् लग्न होऊन मी बेंगळूरला आले तवा बघते तर भाजीवाला मला अक्का म्हणतोय, बसचा कंडक्टर अक्का म्हणतोय, दळणवाला अक्का म्हणतोय. मला वाटलं, बघा, आमच्या मालकांनी गावभर माझं नाव सांगून ठेवलंय, केवढं कौतुक माणसाला बायकोचं. पंधरा दिवसांनी कळलं की हितं सगळ्याच बायकांस्नी अक्का म्हणत्यात, आन् मालकांनी माझं नाव शेजारच्या खोलीत सुद्धा सांगितलं नव्हतं. तवापासनं मी माणसाच्या गोड बोलण्याला भुलत न्हाई. लिवा तुमी.

आई माझी तंबाखूच्या वखारीत जायची, अंगाला कायम तो वास, आन् मी सातवी झाले, पुढं कोण शिकवतंय. मालक हितं यशवंतपुरात बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात पत्र्याचं काम करायचे. बसचा सांगाडा लोखंडाचा असतोय आन् वरनं पत्रा ॲल्युमिनियमचा, तो रिव्हेट मारून बसवायचा, दिवसभर ठाक ठाक ठाक, त्या ठाकठाकीनं मालकांचे दोन्ही कान गेले. आता घरात बसून टीव्ही एवढा मोठा लावत्यात की गल्लीतल्या सगळ्यांस्नी बातम्या फुकट. मी काय बोलले की म्हणत्यात, हां हां, सरी सरी, म्हणजे बरं बरं. चाळीस वर्षं झाली, माझ्या एका बोलण्याला या माणसानं न्हाई म्हटलं न्हाई, कारण ऐकलंच न्हाई. लोकं म्हणत्यात, अक्का, तुमचा नवरा किती शांत.

तर त्या कारखान्यात मी घासकामाला लागले. रंग द्यायच्या आधी पत्रा पाण्याच्या पेपरनं घासायचा, रंग झाल्यावर मशीननं पॉलिश मारायचं. शिकवलं कुणी म्हणाल तर सिद्दप्पा मेस्त्रीनं. कन्नड माणूस, मी मराठी, त्याला मराठी येत न्हाई, मला तवा कन्नड येत न्हाई, तरी त्यानं शिकवलं तेवढं आजपतोर कुणी शिकवलं न्हाई. माझा हात धरून पत्र्यावर ठेवायचा, तळहात न्हाई, पालथा हात, आन् म्हणायचा, बिसी. म्हणजे ऊन लागतंय. मग मशीन बंद. लोखंड जिथं रगडलं तिथंच तापतंय, लगेच हाताला सांगतंय की बाबा पुरे. ॲल्युमिनियम लबाड हाय. ते ऊन सगळीकडं वाटून टाकतंय, तुमाला वाटतंय गार हाय, गार हाय, आन् तुमी रगडत बसला की सगळा पत्रा एकदम तापून येतोय, वरचा रंग मऊ पडतोय, आन् घडीवर, काठावर, जिथं रंग मुळातच पातळ असतोय, तिथनं तो निघतोय. म्हणून काठाला चिकटपट्टी लावायची, मशीन हळू फिरवायचं, वरनं जोर द्यायचा न्हाई, मशीनचं वजन तेवढंच बास, आन् दोन फेऱ्या झाल्या की पालथा हात. लोखंडाच्या गाडीवर वापरलेलं फडकं नि मशीनचा बोळा ॲल्युमिनियमला लावायचा न्हाई, लोखंडाचा कीस त्यात बसलेला असतोय, तो रंगात रेघा पाडतोय आन् पत्रा उघडा पडला असला तर त्यात रुतून बसतोय, तिथनंच पत्रा पुढं खराब होतोय. आन् चुकून ॲल्युमिनियम उघडं पडलंच तर त्यावर नुसता रंग मारायचा न्हाई. उघडं पडल्या पडल्या त्याला वाऱ्याची बारीक साय धरती, डोळ्याला दिसत न्हाई, पण रंग त्या सायीवर बसतोय, पत्र्यावर न्हाई. घासून, पुसून, पैलं वॉश प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं अस्तर, मग बाकीचं. एवढंच शास्त्र हाय बघा. एका दिवसात सांगून होतंय, हातात उतरायला चार वर्षं लागत्यात. आता ह्याचाच सहा दिवसाचा कोर्स निघालाय, शेवटी फेटा बांधून फोटो काढत्यात.

मेस्त्री वारले, कारखान्याचे थोरले मालक पण वारले, बसची ऑर्डर यायची बंद झाली. त्यांचा मुलगा किरण, त्याला मी चड्डीत बघितलेला, तो शिकून आला आन् त्यानं कारखान्याच्या शेडचा स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे काय तर पत्र्याला आतनं काळा रंग दिला, वर पांढऱ्या लाईटी लावल्या, कॉफीचं मशीन ठेवलं आन् पॉलिशला डिटेलिंग म्हणायला लागला. जुन्यांपैकी मीच तेवढी राहिले. मला म्हणाला, अक्का, आता मला किरण म्हणू नका, लोकांसमोर सर म्हणा. म्हटलं सर तर सर, माझ्या तोंडाला काय झिजायचंय.

आन् गिऱ्हाईकं काय सांगू तुमाला. एकजण आला, गाडीवर मांजर चालली म्हणून डोळ्यात पाणी. खरंच पाणी. एक हुता, तो आईला संगट घेऊन आला, म्हातारीचा गुडघा सुजलेला, तिला बाहेर उन्हात स्टुलावर बसवली आन् ह्यो आत एसीत बॉनेटचं फोटो काढतोय, हितनं एक, तिथनं एक. मी म्हातारीला पाणी दिलं तर म्हणाली, माझा मुलगा लई काळजी करतोय हो. म्हटलं, करतोय की, दिसतंय. असली ही माणसं. गाडी धुवायला पाणी किती लागलं, कुठलं लागलं सगळं इचारणार, आन् जिनं तीन दिवस वाकून ती चमकवली तिच्याकडं मान वळवून बघणार न्हाईत. मला त्याचं काय न्हाई. मी पण त्यांच्या तोंडाकडं बघत न्हवते, मी पत्र्याकडं बघायची. पत्रा बरा.

मग त्यो रोहित आला. ट्रेनर. दुबईस्नं शिकून आलाय म्हणे. तीस-बत्तीसचा, हातात काळे मोजे, छातीवर स्वतःचंच नाव छापलेलं. मशीन हातात घ्यायच्या आधी मोबाईल तिवईवर लावणार, केस नीट करणार, मग मशीन. मला आंटी म्हणायचा. इतकी वर्षं अक्का ऐकलं, ह्यानं एका दिवसात आंटी केली. पैल्याच हप्त्यात त्यानं किरणला सांगितलं, मी तिथंच हुते, त्याला वाटलं हिला इंग्लिश कळत न्हाई, तर म्हणाला की गिऱ्हाईक आत आलं की समोर साडी नेसलेली बाई मशीन घेऊन दिसती, बरं दिसत न्हाई, ब्रँडला शोभत न्हाई. मला वाटलं, आता किरण म्हणंल, अरे हिनं माझ्या बापाच्या बसगाड्या चमकवल्यात. तर माझ्याकडं वळून म्हणाला, अक्का, स्वल्प दिवस तुमी टॉवेल बघा. म्हणजे टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या. सरी, म्हटलं. त्या दिवसापासनं माझ्या पोटात त्या दोघांबद्दल जे काय बसलं ते बसलं, आन् ते मी दाबलं पण न्हाई. मला बरंच वाटायचं ते. रोहित बोलायला लागला की मी टॉवेल पिळत मनात म्हणायची, बोल लेका, बोल.

आता बळीरामचं सांगते, कारण खरी हकीकत त्याची हाय. बळीराम म्हणजे भालकीकडचा, बिदर जिल्ह्यातला, मराठी बोलणारा पोरगेला माणूस, दोन लेकरांचा बाप, चामराजपेटात एका खोलीत राहतोय. बनशंकरीत राजशेखर म्हणून एक रिटायर झालेले कंत्राटदार, त्यांच्याकडं तो सात वर्षं ड्रायव्हर. आमच्याकडं दुसरी गाडी घेऊन आलता एकदा, मला मराठीत बोलताना ऐकलं आन् मावशी म्हणून चिकटला. मावशी म्हणणारा बेंगळुरात तो एकटाच.

साहेबांनी नवी गाडी घेतली, बाहेरच्या देशातली, मोठी, काळी, सगळी बॉडी ॲल्युमिनियमची. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, वरात त्या गाडीतनं निघायची, आन् गाडी पुसणाऱ्या पोरांनी बॉनेटवर कोरड्या फडक्यानं धूळ पुसून पुसून जाळं पाडलेलं, कोळ्याचं जाळं असतंय तसं, उन्हात लगेच दिसतंय. साहेब म्हणाले कंपनीत देऊ. बळीराम म्हणाला, साहेब, कशाला, आमची एक मावशी हाय यशवंतपुरात, तिच्या हातासारखा हात न्हाई, मी जातो, मी उभा राहून करून घेतो. असं त्यानं स्वतःच्या तोंडानं, माझ्या भरवशावर सांगितलेलं. तो गाडी घेऊन आला तवा मी दोरीवर टॉवेल घालत हुते. म्हणाला, मावशी, हे काय, तुमी हितं का? म्हटलं, आता मोठी माणसं आल्यात, आमी धोबी. तो म्हणाला, पण गाडी तुमीच करणार नव्हं? पत्रा ॲल्युमिनियमचा हाय, साहेबांनी बजावून सांगितलंय. म्हटलं, आतल्या सरांस्नी सांग. त्यानं आत जाऊन सांगितलं. रोहित म्हणाला, पता है भाई, सब पता है. बळीरामला साहेबांनी लग्नाच्या सामानाला बोलावलेलं, तो किल्ली देऊन गेला, संध्याकाळी येतो म्हणाला.

दुपारी जेवण झाल्यावर रोहितनं काम सुरू केलं. मी उपड्या बादलीवर बसून घड्या घालत हुते, दहा पावलांवर. त्यानं रंगाची जाडी बघायचं यंत्र काढलं, बॉनेटला लावलं, आकडा येईना. दाराला लावलं, येईना. छताला लावलं, येईना. ते यंत्र निव्वळ लोखंडावर चालणारं, चुंबकाचं, ॲल्युमिनियमवर त्याला काय कळणार. दोन्हीवर चालणारं वेगळं मिळतंय. त्यानं यंत्र झटकलं, म्हणाला, सेल गेलाय. मला एवढं हसू आलं की मी टॉवेलात तोंड घातलं. मग त्यानं मशीन घेतलं ते डुलणारं, सावकाश चालणारं न्हाई, तर सरळ गरगर फिरणारं, कारण लग्न दोन दिवसांवर आन् काम लौकर उरकायचं, आन् त्याला लावला लोकरीचा बोळा, सकाळी एका जुन्या जीपवर वापरलेला. काठाला चिकटपट्टी न्हाई. पालथा हात लावणं न्हाई. बॉनेटच्या मधोमध एक उठलेली घडी हुती, लांब, नाकासारखी, तिच्यावरनं मशीन एकदा गेलं, दोनदा गेलं, मी मोजत हुते.

चौथ्या फेरीला मला उठायला पाहिजे हुतं. एवढंच म्हणायचं हुतं, बिसी आगिदे, थांबा, तापलंय. दोन शब्द. माझ्या जागी मेस्त्री असते तर त्यांनी मशीनची वायरच ओढली असती. आन् मी काय केलं? मी मनात म्हटलं, भाज. भाज लेका, भाज, बघू दे तुझी दुबई. खोटं का सांगू तुमाला, मला मजा येत हुती. गाडी बळीरामच्या भरवशाची हाय हे माझ्या डोक्यात हुतं का? हुतं. पण ते मागं कुठंतरी हुतं, आन् पुढं ह्याचं तोंड कसं होणार ते हुतं.

झालंच. घडीवर आधी धुरकट पट्टा आला, त्यानं पुसला, तो जाईना, म्हणून आणखी रगडला, मग खालच्या प्रायमरचा राखी रंग दिसला, तरी याला कळेना, मग पांढरा पत्रा उघडा पडला, अंगठ्याएवढा. मशीन बंद. असा गप झाला म्हणता, मला आयुष्यात त्याचा तेवढाच आवाज आवडला. किरण आला, दोघं इंग्लिशमधनं कुजबुजले, मग किरण कपाटातनं काळ्या रंगाचा एक स्प्रेचा डबा घेऊन आला. ना घासणं, ना प्रायमर, उघड्या पत्र्यावर रंगाचा फवारा, वरनं चमक, पंख्याखाली वाळवला, झालं. काळ्यावर काळं, लाईटीत कुणाला दिसतंय. मी मनात म्हटलं, महिना. लई तर दीड महिना.

संध्याकाळी बळीराम आला. गाडीभोवती फिरला, खूश झाला, मग माझ्याकडं आला आन् म्हणाला, मावशी, झालंय नव्हं नीट? तुमी बघितलंय नव्हं?

मी म्हटलं, चकचकीत झालंय बघ.

हे मी बोलले. खोटं बोलले असं कुणी म्हणू शकणार न्हाई, चकचकीत झालतंच. तो हात जोडून गेला. लग्नाचा पेढा पण आणून दिला नंतर, मालकांनी खाल्ला.

महिना झाला, वर आठ-दहा दिवस झाले असतील. साहेब स्वतः आले, बळीराम गाडी चालवत. बॉनेटच्या घडीवर फोड. देवीचे फोड येत्यात तसे, बारीक बारीक, आन् एका ठिकाणी साल उचललेली, खाली पांढरी भुकटी. लोखंडाला तांबूस गंज येतोय, ॲल्युमिनियमला पांढरा. किरण बाहेर आला, वाकून बघितलं, नखानं साल काढली, आन् किती सहज बोलला बघा माणूस, बापाच्या जन्मात बापानं असलं केलं न्हवतं. म्हणाला, सर, हे पॉलिशचं न्हाई, ह्यावर ब्रेक ऑईल सांडलंय, ब्रेक ऑईलनं रंग असाच उठतोय. ब्रेक ऑईल कोण घालतंय?

साहेबांनी बळीरामकडं बघितलं. घातलंस का?

घातलं साहेब, मागच्याच हप्त्यात घातलं, कमी झालतं, पण एक थेंब हिकडं तिकडं न्हाई, फडकं धरून घातलं.

घातलंस का न्हाई तेवढं सांग.

घातलं.

मग काय राहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाला फसवायला येळ लागत न्हाई. बळीराम म्हणाला, साहेब, हे लोक काहीतरी लपवत्यात, त्या दिवशी मी हितं नव्हतो. त्याचा आवाज जरा चढला. साहेबांनी हात पुढं केला आन् किल्ली मागितली. तिथंच, गिऱ्हाईकांसमोर, कॉफीच्या मशीनपुढं. सात वर्षांचा ड्रायव्हर. बळीरामनं किल्ली दिली आन् माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. आता मावशी बोलंल, असं बघितलं. माझे हात कोपरापतोर साबणात. किरण म्हणाला, अक्का, टॉवेल. आन् मी आत जाऊन टॉवेल घेऊन आले. येईपतोर बळीराम रस्त्याला लागलेला.

तुमी म्हणाल, मग तुमाला झोप लागली नसंल. लागली. जेवण पण गेलं. असलं काय व्हत न्हाई माणसाला, ते गोष्टीत. मी दुसऱ्या दिवशी कामाला गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मनात म्हणायची, मी थोडंच जाळलं, ज्यांनी जाळलं ते बघतील. नोकरी जाईल ही भीती हुती का, हुती, पण लई न्हवती. मला सवयच लागलेली, की ही सगळी नालायक माणसं हायत, ह्यांच्या भानगडीत आपण कशाला तोंड घालायचं. लांब बसून हसायची सवय. ती सवय अशी असती की आपण शहाणं हाय असं वाटत राहतंय आन् करायला काय लागत न्हाई.

चार-पाच दिवसांनी काय झालं, जेवायच्या सुट्टीत सगळी मोबाईलभोवती गोळा. रोहितनं नवा व्हिडिओ टाकलेला. नाव काय, तर ॲल्युमिनियमच्या गाडीला सुरक्षित पॉलिश कसं मारायचं. आन् त्यात शेवटी दाखवायला कुठलं बॉनेट? तेच. फवारा मारल्यावर काढलेलं, वर लाईटी चमकतायत, आन् ह्यो बोट दाखवून सांगतोय, बघा, ॲल्युमिनियमला घाई करायची न्हाई, उष्णता सांभाळायची. खाली हजार माणसांनी अंगठे दिलेले. किरण म्हणाला, अक्का, बघा, तुमी पण शिका.

मी डबा झाकला. चपला घातल्या आन् निघाले. कुठं अक्का, म्हणाला. म्हटलं, शिकाय.

बसनं मॅजेस्टिक, तिथनं बनशंकरी. बळीरामनं घराची खूण कधी सांगितलेली, देवळाच्या मागं, फाटकावर दोन सिंह. सिंहच हुते, सिमेंटचे, एकाचं शेपूट तुटलेलं. साहेब व्हरांड्यात बसलेले. कूत्कोळी अक्का, म्हणाले, बसा. कुर्ची दिली, पाणी आणवलं. मला वाटलं, माणूस बरा दिसतोय. मी सगळं सांगितलं. यंत्राला आकडा आला न्हाई हितनं सुरुवात केली, बोळा सांगितला, चार फेऱ्या सांगितल्या, डबा सांगितला, मी बघत बसले ते पण सांगितलं. बळीरामची काय चूक न्हाई, म्हटलं, ब्रेक ऑईलनं रंग मऊ होऊन उतरतोय, सुरकुततोय, पण पत्र्याला लगेच पांढरी भुकटी येत न्हाई, ती प्रायमर नसल्यावर येती.

साहेब म्हणाले, गोत्तु अक्का. म्हणजे, माहीत हाय.

म्हटलं, कसं माहीत?

म्हणाले, गाडी कंपनीत दिली रंगवायला, तिथल्या पेंटरनं परवाच सांगितलं, हे मशीननं जाळलंय, आत प्रायमरच न्हाई. तुमच्या किरणनं पण मग कबूल केलं, खर्च देतो म्हणाला. मिटलं ते.

म्हटलं, मग बळीराम?

तर म्हणाले, त्यानं चार लोकांत माझ्यासमोर आवाज चढवला. आन् आता एकदा काढल्यावर परत कसं बोलवायचं, चांगलं दिसत न्हाई. दुसरा ठेवला मी.

काय सांगू तुमाला. मला वाटत हुतं, माझ्याजवळ एक खरं हाय, ते जड हाय, ते नेऊन ठेवलं की काहीतरी हलंल. आन् ते खरं त्यांच्या घरी दोन दिवस आधीच येऊन पडलेलं, शिळ्या पेपरासारखं, आन् त्यानं काय हललं न्हवतं. वर मला काय म्हणत्यात, अक्का, तुमाला एवढं कळतंय तर गाडी रंगवून आली की घरी येऊन तुमीच पॉलिश मारून जावा की. मी उठले. म्हटलं, बळीरामला बोलवा, तो पाणी धरंल, मी मारते. ते हसले, मी गंमत केली असं वाटलं त्यांस्नी. पाण्याचा पेला तसाच ठेवून मी फाटकाबाहेर आले.

तिथनं चामराजपेट. बळीरामची खोली एका छापखान्याच्या वर, जिना असा की एका हातानं भिंत धरायची. त्याची बायको सुमन भाकरी थापत हुती. तो घरीच, मार्केटात फुलाच्या टेम्पोवर लागलेला, पहाटेचं काम करून आलेला. मला बघून उठला, मावशी, या. मी बसायच्या आधी उभ्या उभ्याच सगळं बोलले, म्हणजे बसल्यावर जीभ जड व्हायला नको. मी बघत हुते, म्हटलं. चार फेऱ्या मोजल्या. तू इचारलंस तवा चकचकीत झालंय म्हटलं. किल्ली देताना तू बघितलंस तवा टॉवेल आणाय गेले.

सुमनची भाकरी तव्यावर करपली, तिनं काढली न्हाई.

बळीराम म्हणाला, मावशी, तुमाला माझा काय राग हुता का?

म्हटलं, न्हाई रे. तुझा कसला राग.

मग? म्हणाला.

त्या दोघांचा राग हुता, त्यांना तोंडावर पाडायचं हुतं, आन् ते पडले का, तर न्हाई, एकाचा व्हिडिओ चाललाय, दुसऱ्याचं दुकान चाललंय. पडला तो हा, ज्यानं मला मावशी म्हटलं. सुमन म्हणाली, बसा आता, जेवून जावा. तिनं बोलायचं म्हणून म्हटलं असंल, पण वाढलं तर पोटभर. करपलेली भाकरी तिनं स्वतःला घेतली. बळीराम जेवताना टेम्पोचं बोलला, मालक बरा हाय म्हणाला, शेवंतीचा वास डोक्यात बसतोय म्हणाला. गाडीचा विषय पुन्हा कुणी काढला न्हाई. जिन्यापतोर सोडाय आला, पण पायऱ्या उतरताना माझा हात धरला न्हाई. आधी धरला असता.

किरणकडं मी दुसऱ्या दिवशी गेले ते नुसतं सांगायला. म्हटलं, किरण, सर न्हाई म्हटलं, मी साहेबांकडं जाऊन सगळं सांगून आले. तो म्हणाला, अक्का, तुमाला आमी घरच्यासारखं ठेवलं. म्हटलं, व्हय, म्हणूनच टॉवेल धुवाय लावलेस. घरात ज्या बाईला कुणी इचारत न्हाई तिच्यासारखंच ठेवलंस, खोटं न्हाई ते. रोहित मोबाईलात केस बघत हुता. त्याला म्हटलं, ते यंत्र दोन्ही पत्र्यावर चालणारं घे, आन् मशीन हातात असताना पालथा हात लावत जा, मोजा काढून. तो म्हणाला, थँक यू आंटी. सांगून काय उपेग न्हाई हे मला माहीत, पण आता मी सांगते. ऐकणारा गाढव असला तरी सांगते. त्या दिवसापासनं तेवढा एक नेम केलाय.

आता मी हितंच यशवंतपुरात, मार्केटच्या मागल्या अंगाला, जुन्या ओळखीच्या एका माणसाच्या शेडमध्ये काम करते. तिथं अँब्युलन्सच्या गाड्या येत्यात, शाळेच्या बसा येत्यात, बरीचशी बॉडी ॲल्युमिनियमचीच. साडी वर खोचून मशीन मीच धरते, बघणाऱ्यांनी बघावं. लोकं म्हणत्यात, म्हातारी लई बोलती, हात लावायच्या आधी दहा गोष्टी सुनावती, कुणी चुकीचा बोळा उचलला की खेकसती. खेकसते. दोघं तर काम सोडून गेले माझ्या तोंडाला कंटाळून. जाऊ देत. ज्यांना कळत न्हाई त्यांच्याबद्दल माझं मत बदललं असं समजू नका, माणसं तशीच हायत, किरण तसाच हाय, ते सिंहवाले साहेब तसेच हायत, परवाच म्हणे नव्या ड्रायव्हरला पण काढलं. मी पण तशीच, तोंडानं वाईट. फक्त आता मनात म्हणायचं ते मोठ्यानं म्हणते, येळेवर म्हणते.

बळीराम दसऱ्याला दिसला, फुलांच्या मार्केटात, टेम्पोत झेंडूच्या पाट्या भरत हुता. मी हाक मारली. त्यानं बघितलं, मान हलवली, एका पाटीतनं मूठभर झेंडू काढून माझ्या पिशवीत टाकला आन् म्हणाला, बरं हाय नव्हं? मावशी म्हणाला न्हाई. मी म्हटलं, बरं हाय बाबा, तुझी लेकरं? म्हणाला, शाळेत हायत. मग मागनं कुणीतरी हॉर्न वाजवला आन् तो गाडीत बसला. त्याच्या लेकरांचं भलं होऊ दे, त्यांस्नी माझ्यासारखी शहाणी माणसं न भेटोत.

तुमचं पण भलं होऊ दे, एवढा येळ बसून ऐकलंत, आमच्या मालकांस्नी तर एवढं कधी जमलं न्हाई. लिवा तुमी, व्यवस्थित लिवा, भाषा सुधारायची असंल तर सुधारा, शिव्या काढायच्या तर काढा. किरणनं काय केलं, रोहितनं काय केलं ते लोकं वाचतील आन् हसतील, हसू देत. पण मी बादलीवर बसून फेऱ्या मोजत हुते, तेवढं गाळू नका.